धोत्रा : विष, औषध आणि विधी

श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला शंकराच्या देवळाबाहेर बेलाच्या जुड्यांशेजारी काटेरी हिरवी फळे आणि कर्ण्याच्या आकाराची फुले मांडलेली दिसतात. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात येणाऱ्या पत्रीतही त्याच झुडपाचे पान असते. एरवी हे झुडूप उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या आडोशाला, रेल्वेमार्गाच्या कडेला कोणी न लावता उगवते आणि गुरेसुद्धा सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. हे झुडूप म्हणजे धोत्रा. मुळापासून बीपर्यंत त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. असे असूनही आशिया आणि अमेरिका खंडांतील अनेक समाजांनी त्याला पूजेत, औषधोपचारात आणि दीक्षाविधीत मानाचे स्थान दिले. हे स्थान देताना त्यांनी कोणती मर्यादा पाळली आणि ती मर्यादा सुटली तेव्हा काय घडले, याचा इतिहास आजच्या वाचकालाही उपयोगी पडणारा आहे.

ओळख आणि नावे

बटाटा, टोमॅटो, वांगे, मिरची आणि तंबाखू ज्या कुळात येतात, त्याच सोलॅनेसी कुळात धोत्र्याचा समावेश होतो. भारतात प्रामुख्याने डाट्युरा मेटेल, डाट्युरा इनॉक्सिया आणि डाट्युरा स्ट्रॅमोनियम या जाती आढळतात. फुलाच्या रंगावरून पांढरा धोत्रा आणि काळा धोत्रा असे भेद लोकव्यवहारात केले जातात. काळ्या धोत्र्याची फुले व देठ जांभळट असतात. फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचा सुगंध रात्री उडणाऱ्या पतंगांना आकर्षित करतो. ‘पिवळा धोत्रा’ या नावाने ओळखली जाणारी काटेरी वनस्पती मात्र वेगळी असून ती अफूच्या कुळातील आहे. तिच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोथाची मोठी साथ आली होती. दोन्ही वनस्पती विषारी असल्या, तरी त्यांची विषे आणि लक्षणे निराळी आहेत.

धोत्र्याची संस्कृत नावे पाहिली तरी त्याचा स्वभाव कळतो. अमरकोशात त्याला ‘उन्मत्त’, ‘कितव’, ‘धूर्त’, ‘मातुल’ आणि सोन्याचा वाचक असलेल्या ‘कनक’ या नावाने संबोधले आहे. कितव म्हणजे जुगारी किंवा ठक. वेड लावणारा, फसविणारा आणि तरीही सोन्याच्या नावाचा मानकरी, असे हे त्रिविध रूप आहे. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली या प्रजातीसाठी ‘डाट्युरा’ हे नाव कायम केले, ते भारतीय नावावरूनच. ‘मेटेल’ हा शब्द अरबी वैद्यकातील ‘जौझ मासिल’ या नावावरून आलेला आहे.

नाव भारतीय असले तरी या प्रजातीचे मूळ घर अमेरिका असावे, असे आजचे वनस्पतिशास्त्र मानते. तिच्या बहुतेक जाती मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैऋत्य भागात आढळतात. मग कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या संस्कृत ग्रंथांत धोत्रा आला कसा? आर. गीता आणि वलीद घरैबेह या संशोधकांनी २००७ साली बंगळुरूच्या ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संस्कृत कोश, वैद्यकग्रंथ आणि इतर पुरावे तपासून, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातच ही वनस्पती अमेरिकेतून जुन्या जगात पोहोचली असावी, असे मत मांडले. तो प्रवास कोणत्या मार्गाने झाला, हे कोडे आहे.

विषाचे कार्य

धोत्र्यात हायोसायमीन, ॲट्रोपीन आणि स्कोपोलामाइन ही अल्कलॉइडे असतात. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचे एक रसायन मज्जातंतूंचे संदेश पोहोचविते. लाळ सुटणे, घाम येणे, बाहुली आकसणे, आतडी व मूत्राशय यांची हालचाल होणे, हृदयाची गती आवरणे ही कामे या रसायनावर अवलंबून असतात. धोत्र्यातील द्रव्ये त्याचा मार्ग अडवितात. परिणामी तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही, बाहुल्या विस्फारतात, उजेड सोसवत नाही, त्वचा लाल व तापलेली होते, नाडी जलद चालते आणि लघवी अडते.

विषाचा अंमल मेंदूवर चढला की बडबड सुरू होते. रोगी नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतील अदृश्य दोरे ओढल्यासारखे हातवारे करतो, अंथरुण चाचपत राहतो. आपल्याला भास होत आहे याची जाणीवच त्याला नसते आणि पुढे त्यातले फारसे आठवतही नाही. मात्रा अधिक असल्यास झटके, बेशुद्धी आणि मृत्यू ओढवतो.

या विषाचा सर्वांत घातक गुण म्हणजे त्याची अनिश्चितता. झुडपाचे वय, हंगाम, जमीन आणि झुडपाचा भाग यांनुसार अल्कलॉइडांचे प्रमाण बदलते. शेजारशेजारच्या दोन झुडपांतही ते सारखे असेल, याचा भरवसा नाही. ‘थोडेसे घेतले तर काही होत नाही’ हे वाक्य धोत्र्याच्या बाबतीत म्हणूनच निरर्थक ठरते.

शिवप्रिय आणि उपविष

समुद्रमंथनातून निघालेले हलाहल शंकराने प्राशन केले, त्यामुळे विषारी आणि उपेक्षित वनस्पती त्याला प्रिय, अशी आपल्याकडची सर्वपरिचित धारणा आहे. धोत्रा महेश्वराच्या हृदयातून उत्पन्न झाला, असे वामनपुराण सांगते. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींत धोत्र्याबरोबर रुई आणि कण्हेर यांचीही पाने असतात. या दोन्ही वनस्पतीही विषारी आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बेल, तुळस, दूर्वा यांचा औषधी उपयोग घरोघरी होतो, पण धोत्र्याचे फूल वाहिले जाते आणि निर्माल्यात जाते. तो देवाला अर्पण करायचा असतो. प्रसाद म्हणून वाटायचा नसतो. ही मर्यादा न सांगता पाळली जाते.

आयुर्वेदाने धोत्र्याची गणना ‘उपविषां’त केली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील उपायांत धोत्र्याचा उल्लेख येतो. (रेबीजवर त्या उपायाचा भरवसा धरता येत नाही, चावा घेतल्यानंतर तातडीने लस घेणे हाच मार्ग आहे, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.) रसग्रंथांनी तर धोत्र्याचे बी औषधात वापरण्यापूर्वी त्याची शुद्धी सांगितली. बियांची पुरचुंडी बांधून ती दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात अधांतरी टांगून, गाईच्या दुधात ठराविक काळ उकळायची, मग धुऊन वाळवायची, असा हा संस्कार आहे. श्वासविकारांवर दिले जाणारे कनकासव हे धोत्र्याचे प्रसिद्ध औषध.

आधुनिक कायद्यानेही ही सावधगिरी पुढे चालविली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांतील विषारी द्रव्यांची यादी असून त्यात धोत्र्याचे बी समाविष्ट आहे. अशी द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापावी लागते.

वाटसरूंचा काळ

मर्यादा सुटली की काय होते, याचा पुरावाही भारताच्याच इतिहासात सापडतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला आणि त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात धोत्र्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. चोर अन्नातून धोत्रा देतात, ज्याला तो दिला जातो तो माणूस भानावर राहत नाही, हसत सुटतो आणि आपल्या वस्तू कोणी नेत असले तरी अडवीत नाही, असे त्याने लिहून ठेवले.

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार इतका बोकाळला होता की इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची वेगळी दखल घेतली. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा विल्यम स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ठगांबरोबर विषप्रयोग करणाऱ्यांवरही एक प्रकरण लिहिले. नॉर्मन चेव्हर्स या डॉक्टरच्या १८५६ सालच्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथातही धोत्र्याच्या विषप्रयोगांना मोठी जागा मिळाली. पद्धत साधी होती. धर्मशाळेत किंवा रस्त्यात वाटसरूशी ओळख काढायची, एकत्र स्वयंपाक करायचा आणि पिठात, डाळीत किंवा मिठाईत धोत्र्याचे बी मिसळायचे. हेतू बहुधा लुटीचा असे, पण मात्रेचा अंदाज नसल्याने अनेकदा जीवही जाई.

न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत धोत्र्याचे बी आणि मिरचीचे बी यांतील फरकाचा तक्ता आजही असतो. दोन्ही बिया एकाच कुळातल्या आणि वरवर सारख्या दिसतात. धोत्र्याचे बी जाडसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, पिवळट तपकिरी आणि पृष्ठभागावर बारीक खळगे असलेले असते. मिरचीचे बी पातळ, गुळगुळीत आणि फिकट पिवळे असते. तिखटाच्या पुडीत लपलेला गुन्हा ओळखण्यासाठी कित्येक पिढ्यांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हा तक्ता पाठ केला आहे.

जपानची शस्त्रक्रिया

भारतातून पूर्वेकडे गेले की धोत्र्याचे निराळे रूप दिसते. बुद्ध उपदेश करीत असताना आकाशातून मांदारव नावाच्या दिव्य पुष्पांची वृष्टी झाली, असे वर्णन सद्धर्मपुण्डरीक सूत्रात आहे. चीन आणि जपानमध्ये त्याच फुलाचे नाव धोत्र्याला मिळाले. १५९६ साली छापल्या गेलेल्या ली शिझेन याच्या विख्यात चिनी औषधिग्रंथात या नावाचा संबंध त्या पुष्पवृष्टीशी जोडला आहे. हे फूल मद्यातून घेऊन पाहिल्याचेही तो नमूद करतो. गळू कापताना किंवा डाग देताना वेदना कळू नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो, अशी नोंदही तेथे सापडते.

या ज्ञानाचा सर्वांत धाडसी उपयोग जपानमधील हानाओका सेइशू (१७६०–१८३५) या शल्यचिकित्सकाने केला. धोत्रा हा मुख्य घटक असलेला, बचनागासह इतर वनस्पती मिसळलेला ‘त्सूसेनसान’ हा काढा त्याने अनेक वर्षांच्या प्रयोगांतून सिद्ध केला. १३ ऑक्टोबर १८०४ रोजी हा काढा पाजून त्याने साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. बॉस्टन येथे ईथर देऊन झालेली जाहीर शस्त्रक्रिया १८४६ सालची. म्हणजे हानाओकाची शस्त्रक्रिया तिच्या बेचाळीस वर्षे आधीची ठरते. पुढे त्याने स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

या यशाची किंमत घरातच मोजली गेली. प्रयोगासाठी हानाओकाची आई आणि पत्नी काए या दोघी पुढे आल्या आणि काएची दृष्टी गेली. सावाको आरियोशी या लेखिकेने १९६६ साली याच प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि ती जपानबाहेरही वाचली गेली. हानाओका आपली कृती शिष्यांना शिकवीत असे, परंतु ती इतरांना न सांगण्याची शपथ घेऊनच. जपान तेव्हा बाहेरच्या जगाला बंद होता, त्यामुळे या शोधाची वार्ता युरोपला लागली नाही. जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र आपल्या बोधचिन्हात धोत्र्याच्या फुलाला स्थान देऊन हे ऋण मान्य केले आहे.

अमेरिकेचे दीक्षाविधी

धोत्र्याच्या मायभूमीत, म्हणजे अमेरिकेत, त्याचा संबंध प्रामुख्याने दीक्षा आणि दैवी दर्शनाशी होता. कॅलिफोर्नियातील चुमाश लोकांच्या कथांत ‘मोमोय’ ही धोत्र्याचे रूप असलेली वृद्ध, शहाणी स्त्री आहे. तिने हात धुतलेले पाणी प्यायल्यावर दृष्टांत होतात. वयात येणाऱ्या मुलांना हे पेय देण्याची प्रथा होती, पण त्याआधी खाण्यापिण्याचे नियम पाळावे लागत आणि पेय तयार करणारी व्यक्ती जाणकार असावी लागे. याच प्रदेशातील ‘पिनव्हील’ नावाच्या गुहेत छतावर भिरभिऱ्यासारखे लाल चित्र आहे. त्याच छताच्या फटींत चावून कोंबलेले वनस्पतींच्या धाग्यांचे बोळे सापडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते धोत्र्याचे असल्याचे सिद्ध झाले. ते चित्र संध्याकाळी उमलणाऱ्या धोत्र्याच्या फुलाचे असावे, असे संशोधकांचे मत आहे.

न्यू मेक्सिकोतील झुनी लोकांची कथा अधिक हृद्य आहे. एक भाऊ आणि बहीण पृथ्वीवर हिंडत आणि पाहिलेले सारे काही आपल्या आईला सांगत. लोकांना झोप कशी आणावी, भुते कशी दाखवावी, चोर कसा शोधावा, हेही त्यांना ठाऊक होते. या दोघांना फार काही कळते, हे देवांना रुचले नाही. त्यांनी त्यांना कायमचे भूमीत गडप केले. जेथे ती दोघे गडप झाली, तेथे त्यांच्या डोक्यावर माळलेल्या फुलांसारखीच फुले उगवली. तोच धोत्रा. मटिल्डा कॉक्स स्टीव्हनसन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही कथा नोंदविली आहे. झुनींमध्ये हे औषध हाताळण्याचा अधिकार पर्जन्य-पुरोहितांना आणि मोजक्या मंडळांच्या प्रमुखांना होता. त्यांच्या एका नामवंत वैद्याने स्त्रीच्या स्तनावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी हे औषध दिल्याची नोंदही त्यात आहे. जपान आणि न्यू मेक्सिको यांचा परस्परांशी काही संबंध नसताना दोन्हीकडच्या वैद्यांनी धोत्र्याचा एकच उपयोग शोधून काढला.

व्हर्जिनियात मात्र याच वनस्पतीची दुसरी बाजू नोंदली गेली. रॉबर्ट बेव्हर्ली याच्या १७०५ सालच्या इतिहासग्रंथात तेथील मूळ रहिवाशांच्या एका दीक्षाविधीचे वर्णन आहे. मुलांना एकांतात ठेवून मुळांचा मादक काढा दिला जाई आणि त्यांनी आपले बालपण विसरून पुरुष म्हणून परतावे, अशी अपेक्षा असे. काही मुले त्यात दगावतही. त्या काढ्यात धोत्रा असावा, असे अभ्यासकांना वाटते. म्हणजे विधीचे कुंपणही सर्वांना वाचवू शकत नव्हते. त्याच ग्रंथात १६७६ सालची हकिगत येते. बंड मोडण्यासाठी जेम्सटाउनला आलेल्या इंग्रज सैनिकांनी धोत्र्याची कोवळी पाने भाजी समजून शिजवून खाल्ली आणि ते अकरा दिवस वेड्यासारखे वागले. शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीच आठवेना. त्या गावाच्या नावावरूनच या झुडपाला इंग्रजीत ‘जिमसनवीड’ हे नाव पडले.

आधुनिक औषधशास्त्रात

युरोपीय वैद्यकाला दम्यावरील धोत्र्याचा उपयोग भारतातूनच कळला. मद्रासमधील डॉक्टर जेम्स अँडरसन यांच्याकडून ही माहिती जनरल जेंट यांना मिळाली आणि त्यांनी १८०२ साली ती ब्रिटनमध्ये नेली. त्यानंतर दीडशे वर्षे धोत्र्याच्या पानांच्या ‘दमा सिगारेटी’ औषधांच्या दुकानांत विकल्या जात. १८३० च्या दशकात बेलाडोनापासून ॲट्रोपीन वेगळे करण्यात आले आणि विषाची मोजमाप करता येणारी मात्रा प्रथमच हाती आली.

आज दमा आणि फुप्फुसाच्या दीर्घ विकारांत श्वासावाटे दिले जाणारे इप्राट्रोपियम हे औषध ॲट्रोपीनच्या रेणूत बदल करून तयार झाले आहे. बोट लागण्याच्या त्रासावर कानामागे लावायची पट्टी स्कोपोलामाइनची असते. आणि ग्रामीण रुग्णालयांत फवारणी करताना कीटकनाशकाची बाधा झालेला शेतकरी दाखल होतो, तेव्हा ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषावर डॉक्टर ॲट्रोपीनचेच इंजेक्शन देतात. ते विष शरीरात ॲसिटिलकोलीन साचविते, ॲट्रोपीन त्याचा परिणाम रोखते. एका विषाची दुसऱ्या विषावर अशी मात होते. परंतु हे ॲट्रोपीन शुद्ध स्वरूपात, मोजून आणि नाडी व बाहुल्या तपासत दिले जाते. धोत्र्याचे पान किंवा बी हा त्याचा पर्याय नव्हे.

कुंपण कोणी सांभाळायचे?

सन २०१९ मध्ये युगांडातील करामोजा भागात वाटलेल्या पौष्टिक पिठात धोत्र्याच्या वर्गातील वनस्पतीचा अंश मिसळला गेल्याने सुमारे तीनशे लोकांना बाधा झाली आणि पाच जण दगावले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या पाकिटांत धोत्र्याची पाने गेल्याने अनेकांना भास होऊ लागले आणि माल परत मागवावा लागला. शेतात तण म्हणून उगवणारा धोत्रा आजही थेट ताटापर्यंत पोहोचू शकतो, हे या घटनांनी दाखविले.

आपल्याकडे धोका असतो तो प्रामुख्याने दोन ठिकाणी. खेळताना कुतूहलाने बिया तोंडात घालणारी मुले ही पहिली जागा. घरगुती उपाय म्हणून, किंवा ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ या समजुतीने, पान किंवा बी घेणारी मोठी माणसे ही दुसरी. रसग्रंथांतली शुद्धी, चुमाशांचे पथ्य, झुनी पुरोहितांचा अधिकार, हानाओकाच्या शिष्यांची शपथ आणि आजच्या वेष्टनावरील सूचना या सर्वांचा आशय एकच होता : हे कोणी, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरावे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. वनस्पतीचे नाव लक्षात राहून हा आशय विस्मरणात गेला, की परंपरेचा केवळ धोका शिल्लक राहतो.

तेव्हा पूजेसाठी आणलेली धोत्र्याची फळे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत, पत्री हाताळल्यावर डोळे न चोळता हात धुवावेत आणि निर्माल्य उघड्यावर टाकू नये. कोणी धोत्रा खाल्ल्याची शंका आली, तर घरगुती उतारे करीत न बसता रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि उरलेले फळ किंवा बी सोबत घेऊन जावे. डॉक्टरांना निदान करणे त्यामुळे सोपे जाते. शंकराला वाहिलेला धोत्रा शंकरापाशीच राहावा, हा जुना संकेत पाळण्यातच शहाणपण आहे.